पोरांचं जंगल दाव्यात लिहा

(सामूहिक वनहक्काचे दावे भरण्याआधी पाड्यापाड्यांच्या वनहक्क समित्यांचं एक दिवसाचं शिबिर झालं. त्यात संघटनेच्या तरुण कार्यकर्त्यांनी केलेलं हे भाषण. बोललं तसंच वहीतून उतरवून देत आहोत. ज्याला वाचता येतं त्याने पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवावं.)

मागे गोणपाटावर पोरं बसलीत. आज आम्ही जे बोलणार ते त्यांच्याकडूनच शिकून आलोय.

सकाळपासून दाव्यांचं बोलणं चाललंय. कायदा २००६ ला झाला. नियम १ जानेवारी २००८ ला आले. तेव्हापासून आपण सगळे प्लॉटच्या मागे आहोत. एकसालीचे कागद शोधले, दंडाच्या पावत्या पत्र्याच्या पेटीतून काढल्या, म्हाताऱ्यांचे जबाब लिहिले, बांध मोजले. ते करायलाच पाहिजे होतं, पोट त्या प्लॉटवर आहे. पण आता दुसरा दावा भरायचाय. तो एकट्याचा नाही, सगळ्या गावाचा. २००९ ला गडचिरोली जिल्ह्यात मेंढा (लेखा) आणि मर्दा या गोंडांच्या गावांना सामूहिक हक्क मिळाले. मेंढ्याच्या लोकांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. तिथे होऊ शकतं तर आपल्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात का नाही होणार?

तर काही पाड्यांनी लिहिलेले कच्चे सामूहिक दावे आम्ही पाहिले. वापर कशाकशाचा, असं जिथे लिहायचं तिथे चार शब्द होते. जळाऊ लाकूड, चराई, मोहफुलं, मध. खाली अंगठे आणि सह्या. हे चारही खरे आहेत. पण एवढंच का आपलं जंगल? वर्षाच्या बारा महिन्यांत आपण त्या डोंगरावर जातो, ते या चार शब्दांत मावतं का?

म्हणून आम्ही ठरवलं की जी माणसं सगळ्यात जास्त वेळ जंगलात असतात त्यांना विचारायचं. मोठी माणसं कामाला जातात, रोजगार हमीवर जातात, बाजाराला जातात. जंगलात हिंडतात ती पोरं. गुरांमागे, पाण्याला, भाजीला, आणि काही काम नसलं तरी. मग आम्ही पाड्यांवर संध्याकाळचे बसलो. सारवलेलं अंगण होतं, हातात चुना आणि कोळसा. पोरांना म्हटलं, तुमचं जंगल काढा. शाळेत काढतात तसं नको. तुम्ही कुठे जाता, काय खाता, कुठे बसता, कशाला भिता, ते काढा.

पोरांनी काय काढलं

पहिल्यांदा ती लाजली. मग एकाने ओहोळाची रेघ ओढली आणि सगळ्यांची तोंडं सुटली. भांडणं लागली. "इथे डोह नाय, त्या उंबराच्या खाली आहे." "तो आंबा गोड नाय, त्याच्या वरचा गोड." अंगण पुरलं नाही. बायाही चूल सोडून बघायला आल्या.

त्यांनी सांगितलेलं आम्ही महिन्याप्रमाणे लिहून घेतलं. ऐका.

पहिला पाऊस पडतो तेव्हा ओहोळाला लाल पाणी येतं आणि मासे उलटे वर चढतात. वलगण. त्या रात्री कोणी पोर घरात झोपत नाही. त्याच दिवसांत शेवळं जमिनीतून वर येतात. पोरांना त्यांच्या जागा पाठ आहेत, कारण शेवळं दरवर्षी तिथेच येतात. शेवळ्यांची खाज मोडायला काकडाची फळं लागतात, म्हणून काकडाचं झाड कुठे तेही त्यांना माहीत. मग कोळीभाजी, टाकळा, कुर्डू, भारंगी. शेतात मुठे, ओहोळात दगडाखाली खेकडे. आषाढ-श्रावणात कंटोळी, बांबूचे वास्ते. वारुळावर आळंबी उगवते, पण रोज बघत राहावं लागतं, एक दिवस चुकला की गेली.

थंडीत आवळे, बोरं, आसाण्याची काळी फळं. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोह वेचायला सगळी पोरं. उन्हाळा लागला की तोरणं, टेंभुर्णी, आळू, भोकरं, करवंदं, मग रायवळ आंबे आणि जांभळं. करवंद खाताना खेळ असतो, सगळ्यांना माहीत आहे. चावायच्या आधी सांगायचं, कोंबडा की कोंबडी. आत लाल निघाला तर कोंबडा. खाणं आणि खेळणं पोरांचं एकत्रच असतं.

खाण्याशिवायही पुष्कळ निघालं. सागाचं कोवळं पान चोळलं की हात लाल होतात, मुली त्याची मेंदी करतात. काटेसावर फुटली की कापूस उडतो, त्याच्यामागे पळतात. गुंजा माळेसाठी गोळा करतात, आणि खायच्या नसतात, विष असतं, हे धाकट्यांना मोठी पोरं सांगतात. पळसाच्या पानाचा द्रोण सहा-सात वर्षांचं पोर करतं. बांबूची पिपाणी, विटीदांडूचं लाकूड कुठल्या झाडाचं चांगलं, कुठल्या फांदीवर झोका टिकतो, सगळं आलं.

वाघदेवही त्यांनी काढला. वाघबारशीला गुराखी पोरं घरोघरी तांदूळ मागतात आणि रानाच्या कडेला देवापुढे शिजवून खातात. तो दगड, ते झाड, शिजवायची जागा, सगळं बरोबर ठिकाणी काढलं. आणि भीतीही काढली. या खोंग्यात विंचू असतात, या झाडाखाली तिन्हीसांजेला जायचं नाही, या वाटेला गार्ड भेटतो.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. पोरांनी जागांना नावं दिलीत. घसरीचा दगड, गोड आंबा, खेकड्यांची वळण. नकाशावर कंपार्टमेंटचा नंबर असतो, पोरांकडे नाव असतं. आणि आपल्या गावाचं जंगल कुठपर्यंत, असं विचारलं तर सांगतात, "त्या टेपावरून हाक मारली की पाड्यावर ऐकू येते तिथपर्यंत आपलं, त्याच्या पुढे पलीकडच्या गावाची गुरं येतात." सीमा सांगायची याहून चांगली रीत आम्हाला कोणी शिकवली नव्हती.

मुलींचं बोलणं

मुली आधी मागे बसल्या होत्या. त्यांना वेगळं बसवून विचारलं तेव्हा बोलल्या. त्यांच्या चित्रात पाण्याचा झरा सगळ्यात मोठा. मार्च लागला की विहीर आटते, मग वर कपारीतल्या झऱ्यावर जायचं, वाटी-वाटीने हंडा भरायचा. त्या झऱ्यावर कोणती झाडं आहेत ते त्यांनी एकेक करून सांगितलं. ती झाडं गेली की झरा जाईल, हेही त्यांनीच सांगितलं.

भाज्या मुलग्यांपेक्षा मुलींना जास्त माहीत. कडूकंद कसा पातळ चिरायचा, उकडायचा, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचा, मगच खायचा, हे दहा-अकरा वर्षांची मुलगी न अडखळता सांगते. पावसाळ्यात घरात दाणा संपतो तेव्हा या माहितीवर घर चालतं. आजीकडून नातीला आलेली ही विद्या आहे.

पण मुलींनी एक कडू गोष्टही सांगितली. जंगलात काय आवडत नाही असं विचारल्यावर जवळजवळ सगळ्या म्हणाल्या, लाकडाचा भारा. मान दुखते, लांब जावं लागतं, शाळा बुडते, वाटेत कोणी अडवलं तर कोयता काढून घेतात. आपल्या दाव्यात पहिला शब्द "जळाऊ लाकूड" आहे आणि मुलींच्या मनात त्याचाच राग आहे. समितीच्या बापयांनी हे ऐकून घ्या. लाकडाचा हक्क मागायचाच, पण भारा पोरीच्या डोक्यावर का, याचंही बोलणं पाड्यावर झालं पाहिजे. पाड्याजवळच जळण वाढवलं, वाळलेलं कुठून आणायचं त्याची पाळी लावली, भाऊही गेला, तर पोरगी शाळेत जाईल.

जी पोरं गप्प राहिली

सगळ्यांना सारखं माहीत नव्हतं. काही पोरं नुसती बघत राहिली. कोण होती ती? एक, वीटभट्टीवर जाणारी. दिवाळी झाली की आईबाप भिवंडी, कल्याण, वसईकडे भट्टीवर जातात, पोरंही जातात. पाऊस तोंडावर आला की परत. त्यांना वलगण माहीत, खेकडे माहीत. पण मोह वेचणं, टेंभुर्णी, तोरणं यांतलं काही माहीत नाही, कारण त्या दिवसांत ती विटांच्या धुळीत असतात. एक पोर म्हणालं, "आम्ही येतो तवा करवंदं संपलेली असतात." एवढंच बोललं.

दुसरी, आश्रमशाळेतली. सहाव्या-सातव्या वर्षी गेलेली, सुट्टीत येणारी. त्यांना पुस्तकातली झाडं येतात, अशोक आणि निलगिरी येते. घरामागची भाजी ओळखता येत नाही. शाळा नको असं आमचं म्हणणं बिलकुल नाही. आम्ही स्वतः बारावीपर्यंत अशाच शाळांत राहून शिकलो, म्हणून आज कायदा वाचून दाखवतोय. पण शाळेत कोणत्याही गुरुजींनी आम्हाला विचारलं नाही की तुझ्या डोंगरावर काय उगवतं. आपल्याला जे येतं ते ज्ञानच नाही, असं वाटत राहिलं. हे पुढच्या पोरांचं होऊ नये.

ही दोन्ही प्रकारची पोरं बघितली की एक कळतं. जंगल दोन रीतींनी जातं. एक, कोणीतरी तोडून नेतं. दुसरं, झाड उभं असतं पण पोराला त्याचं नाव येत नाही. आपल्याला दोन्हींशी लढायचंय.

कायदा काय सांगतो

आता कोणी म्हणेल, पोरांचं खाणं-खेळणं ठीक आहे, त्याचा दाव्याशी काय संबंध? संबंध आहे, नीट ऐका.

आधीचा कायदा बघा. १८७८ चा इंग्रजांचा, मग १९२७ चा. त्यात राखीव जंगलात शिरणं, गुरं चारणं, मासे धरणं, तिथली वस्तू उचलणं, सगळा गुन्हा. वस्तू म्हणजे काय? नुसतं लाकूड नाही. जंगलात सापडलेलं पान, फूल, फळ, मध, मेण, सगळं वनउपज. मोहाचं फूल आणि बी तर जंगलाबाहेर सापडलं तरी वनउपज. म्हणजे तुमचं पोर करवंदं खाऊन घरी आलं तर त्या कायद्याच्या नजरेत त्याने काहीतरी उचलून आणलं. शंभर वर्षांहून जास्त काळ आपल्या पोरांनी गार्डाची चाहूल घेत फळं खाल्ली आहेत.

२००६ चा कायदा पहिल्याच पानावर मान्य करतो की आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. कलम ३ मध्ये हक्क लिहिलेत. निस्तार आहे. गौण वनोपजाची मालकी आहे, गोळा करायचा, वापरायचा, विकायचा हक्क आहे. त्यात बांबू, मध, मेण, औषधी वनस्पती, कंदमुळं सगळं येतं. मासे आणि पाण्यातल्या दुसऱ्या वस्तू आहेत, चराई आहे. आणि सगळ्यात मोठा, आपलं सामूहिक जंगल राखायचा, वाढवायचा, त्याचा कारभार करायचा हक्क आहे.

मग पुरावा काय द्यायचा? नियम १३ बघा. सामूहिक हक्कासाठी काय पुरावा चालतो त्याची यादी तिथे आहे. परंपरेने गुरं चारायच्या जागा. कंदमुळं, चारा, रानफळं आणि दुसरं गौण वनोपज गोळा करायच्या जागा. मासे धरायच्या जागा. माणसांच्या आणि गुरांच्या पाण्याच्या जागा. वैदू औषध आणतात त्या जागा. देवाची झाडं, देवराई, डोह, स्मशान.

आता पोरांनी अंगणात काढलेलं आठवा. डोह, झरा, शेवळ्यांची जागा, कडूकंदाचा उतार, करवंदाच्या जाळ्या, वाघदेव. नियम १३ ची यादीच त्यांनी चुन्याने काढून दाखवली. कायदा त्यांनी ऐकलेलाही नव्हता.

शासन विचारतं, तुम्ही जंगल वापरता याला आधार काय? आपण म्हणतो, आमचे वाडवडील वापरत होते. ते खरंच आहे, आणि म्हाताऱ्यांचा लेखी जबाब नियमात चालतो. पण आजही वापर चालू आहे, हे कोण दाखवणार? रोज तिथे जाणारं पोर दाखवणार. आजा सांगेल पूर्वी काय होतं, नातू सांगेल आज काय आहे. दोघांचं जुळलं की दावा पक्का. नियमात एकाहून जास्त पुरावे बघायला सांगितलंय, हेही ध्यानात ठेवा.

एक गोष्ट स्वच्छ सांगून ठेवतो. काही मुलग्यांनी गलोलही काढली. शिकारीचा हक्क या कायद्यात नाही, तो मुद्दाम वगळलाय. दाव्यात तो लिहायचा नाही आणि पोरांनाही समजावून सांगायचं.

झुडपी डोंगराचा प्रश्न

आता खरी काळजीची गोष्ट. एका पाड्याच्या वरच्या अंगाला एक डोंगर आहे. मोठी झाडं कमी, सगळ्या जाळ्या आणि गवत. तिथे सलग खड्डे मारून रोपवन करायचं ठरलंय, असं साहेब सांगून गेलेत. त्यांच्या हिशेबात तो विरळ, निकामी डोंगर. आपल्या माणसांनीही कच्च्या दाव्यात तो धरला नव्हता. म्हणाले, तिथे काय आहे? मोह नाही, साग नाही, झुडपंच तर आहेत.

त्याच पाड्याच्या पोरांच्या चित्रात तो डोंगर सगळ्यात भरलेला होता. करवंदं तिथे, तोरणं तिथे, शेवळं तिथे, आळंबीची वारुळं तिथे, गुंजेचा वेल तिथे. गुरं पावसाळ्यात तिथेच. मोठ्यांना जिथे काहीच दिसत नाही तिथे पोरांचं निम्मं खाणं आहे. कारण मोठी माणसं बाजारात काय विकलं जातं ते बघतात. करवंदं आणि शेवळंही काही बाया बाजारात नेतात, पण जास्त तर पोटातच जातं, त्याची पावती नसते, म्हणून कुणाच्या हिशेबात येत नाही.

जाळ्या काढून तिथे एकाच जातीची ओळ लावली तर काय होईल? कागदावर जंगल वाढेल. पोराला तिथे खायला काही राहणार नाही, आणि रोपं जगावी म्हणून गुरांनाही बंदी. आम्ही सागाच्या विरोधात नाही. साग आपल्या घराला लागतो, पानं छपराला लागतात. पण फक्त साग किंवा फक्त निलगिरी हे पोरांचं जंगल होत नाही.

पोटाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आपल्या जव्हार तालुक्यात १९९२ साली वावर-वांगणीत कुपोषणाने बाळं गेली. तेव्हा पुढारी आले, गाड्या आल्या, योजना आल्या. रेशन पाहिजे, अंगणवाडी पाहिजे, दवाखान्यात डॉक्टर पाहिजे, यासाठी आपण लढतोच, ते सोडायचं नाही. नुसत्या करवंदांवर पोर वाढत नाही. पण ज्या महिन्यात रेशन येत नाही त्या महिन्यात भाजी, कंद, खेकडा आणि फळ हेच पोराच्या पोटात जातं. ते देणारा डोंगर हातातून सोडणं म्हणजे पोरांच्या ताटातलं काढणं.

त्या पाड्याने आता काय केलंय? ग्रामसभा बोलावली. पोरांनी काढलेला नकाशा कागदावर उतरवून घेतला. तो डोंगर दाव्याच्या सीमेत धरायचा ठराव केला. कलम ५ मध्ये जंगल, पाणी आणि आपली वस्तीची जागा राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय, त्याचा आधार घेऊन लेखी कळवलं की दाव्याचा निकाल होईपर्यंत इथे खड्डे मारू नका, आणि पुढे लावायचंच असेल तर काय लावायचं ते ग्रामसभा सांगेल. निकाल अजून लागायचाय. पावसाच्या आत आपण सगळे त्यांच्या पाठीशी उभे राहिलो पाहिजे. आज त्यांचा डोंगर आहे, उद्या आपला.

आपल्यालाही नियम हवेत

हक्क मागायचा तर राखायचंही. कारभार आपला आला की दोष द्यायला दुसरा कोणी राहणार नाही. पोरांनी याबद्दलही सांगितलं, आणि त्यांनी नाव घेतलं ते आपल्याच माणसांचं. आवळा काढायला अख्खी फांदी तोडतात. मोह वेचायला सोपं जावं म्हणून खाली आग लावतात, ती डोंगरभर जाते. काही जण डोहात औषध टाकून मासे मारतात, मग लहान मासे, खेकडे सगळं मरतं आणि पुढच्या वर्षी वलगणीला काही येत नाही. पोरं म्हणाली, "त्या डोहात आता आम्ही पोहत नाय, अंगाला खाज येते."

म्हणून ग्रामसभेने साधे नियम करावेत. फळझाडाची फांदी तोडायची नाही. डोहात औषध टाकायचं नाही. मोहाखाली आग लावायच्या ऐवजी पाला झाडून घ्यायचा. शेवळं खणताना कंद जमिनीत ठेवायचा. आपल्या रीतीत हे आहेच. नवी भाजी आधी देवाला दाखवतो, मगच खातो. म्हणजे ती कोवळी असताना कोणी ओरबाडून नेत नाही. जुनी रीत ग्रामसभेच्या वहीत लिहिली की तोच नियम.

प्रत्येक पाड्याने काय करायचं

इथून गेल्यावर ही कामं करा.

१) दावा पाठवायच्या आधी पाड्यावर एक संध्याकाळ पोरांसोबत बसा. मुलींना वेगळं बसवा. भट्टीवरून कुटुंबं परत आली की त्यांच्या पोरांनाही बोलवा.

२) पोरांनी सांगितलेल्या सगळ्या वस्तू महिन्याप्रमाणे लिहा. फळ, भाजी, कंद, मासे, खेकडे, डिंक, पानं, पाणी. विकतात की खातात असा फरक करू नका, दोन्ही लिहा.

३) जागांची नावं आपल्या बोलीत आहेत तशीच लिहा. शुद्ध करायला जाऊ नका.

४) सीमा चालताना एक म्हातारा, एक बाई, समितीचे सदस्य आणि दोन-तीन जाणती पोरं बरोबर घ्या. चालता चालता लिहा. शेजारच्या गावाची माणसं सीमेवर बोलवा, म्हणजे पुढे भांडण नको.

५) यादी आणि नकाशा ग्रामसभेत वाचून दाखवा, ठरावाला जोडा, एक प्रत गावात ठेवा. पोच घेतल्याशिवाय कागद द्यायचा नाही.

६) वनहक्क समितीत दहा ते पंधरा जण असतात, त्यांत निदान एक तृतीयांश बाया लागतात. त्या नुसत्या कागदावर नकोत, चालायला आणि बोलायला पाहिजेत. पोरींचं म्हणणं त्याच पुढे आणतील.

७) ज्या पाड्यावर अंगणवाडी किंवा शाळेला जागा नाही त्यांनी कलम ३ चा दुसरा भाग वाचा. ग्रामसभेच्या शिफारशीने अशा कामाला एक हेक्टरच्या आतली वनजमीन मिळू शकते. जंगलाची जमीन आहे म्हणून शाळा होत नाही, असं कोणी सांगितलं तर हे दाखवा.

शाळेतल्या गुरुजी-बाईंनाही सांगा. आठवड्यातून एक तास आजा-आजींना वर्गात बोलवा, पोरांना भाजी ओळखू दे. त्याला पैसा लागत नाही.

आणि मागे बसलेल्या पोरांनो, तुम्हालाही काम आहे. उद्या समितीची माणसं तुमच्याकडे येतील. लाजू नका. कुठे काय आहे ते नीट दाखवा. जिथे आता काही उरलं नाही, पण पूर्वी होतं असं आजी सांगते, तेही दाखवा. शेवळ्यांची गुपित जागा कोणाला सांगायची नसते, आम्हाला माहीत आहे. पण गावाच्या वहीत ती लिहिली नाही तर एक दिवस तिथे खड्डा पडलेला असेल.

पाऊस यायला थोडेच महिने आहेत. त्याच्या आत प्रत्येक पाड्याची यादी आणि नकाशा तयार पाहिजे. पुढच्या बैठकीला येताना घेऊन या, एकमेकांची बघू, राहिलेलं भरू.

जोहार! जिंदाबाद!